नऊपैकी आठ

हात आधी दाबून बघायचा असतो.
मापाची कडी नंतर.
अंगठा तळव्यात घालायचा, करंगळीकडून मिटवत आणायचं,
तोंडानं बोलत राहायचं, थोरलीला कुठं दिली, म्हैस व्याली का,
आणि बोलता बोलता
हाडं ओलांडायची.

बावीस वर्षं मानवतच्या पेठेत हेच करते मी.
नागरबाईचा हात बाभळीचा. अडीचची चढत नाही,
साबण लागतो, वर दोन शिव्याही.
कौशाबाईची पेरं सुजून बोराएवढी,
सकाळी दोन घंटे मूठ वळत नाही म्हणाली.
तिला मीच म्हणलं, बांगड्या राहू दे, आधी रक्त तपास.
तिचा तो आमवात निघाला. तिला गोळ्या आहेत.

माझ्या हाताचं कौतुक झालं फक्त.
लग्नात सासऱ्यांनी स्वतः चुडा भरला,
सव्वादोनची गेली, मला कळलंही नाही.
'लोण्याचा हात आणला घरात,' म्हणाले,
आणि कासाराच्या घरात याहून मोठं काही म्हणत नाहीत.

त्याच्याही आधी, शाळेत, मधल्या सुट्टीत
अंगठा मागं नेऊन मनगटाला टेकवायचे.
बघायची फी मूठभर बोरं.
करंगळी उभी करून दाखवली
तर चिंचेचा गोळा.

मग एका नवरीचा हात हातात असताना
अंगठा मुळातून सरकला.
आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.
अंगठ्याला काय म्हणायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.
दात दाबून उरलेल्या सात भरल्या.
नवरी म्हणाली, काकू, तुमचा हात किती हलका!

परभणीला डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाहून थोडी मोठी.
म्हणाली, अंगठा न्या मागं.
(बोरं देणार का, असं तोंडावर आलं होतं.)
करंगळ्या. कोपरं. गुडघे मागं ताणा.
आता गुडघे न वाकवता तळवे जमिनीला.
टेकवले. फरशी पुसताना रोजच टेकतात.
ती कागदावर मांडत गेली, नऊपैकी आठ.
गणितात जन्मात मिळाले नव्हते एवढे.
एक डाव्या गुडघ्यानं घालवला.

म्हणलं, म्हणजे संधिवात का?
म्हणाली, रक्तात तसं काही नाही.
सांध्यांची बांधणीच सैल आहे तुमची, जन्मापासून.
अंगठ्याच्या मुळाशी झीज दिसायलीय थोडी.
सैल सांधा लवकर झिजू शकतो.
झिजेलच असं नाही. कित्येकांचा झिजत नाही.

शकतो. असं नाही.
माझ्या धंद्यात बांगडी जाते नाहीतर जात नाही.
मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले,
ती मात्र खरं बोलत होती, म्हणून तिला राग देता येईना.
रबराचा चेंडू दिला तिनं. दाबायचा, पण हळू.
अंगठ्याला पट्टा. भाकर थापताना दुसरा हात पुढं.
दोर सैल असला की खांब तरी घट्ट पाहिजे,
हे मी बसमध्ये माझं मलाच समजावलं,
पाथरी रोडला खिडकीबाहेर काही न बघता.

घरी आले तर पायरीवर पोरींचा घोळका.
मधे ईश्वरी. अंगठा मनगटाला.
पोरी किंचाळायल्या, एकीनं कुरकुऱ्यांची पुडी पुढं केली.
'काय करायलीस गं!'
माझा आवाज मलाच मोठा वाटला. पोरी पांगल्या.
पुडी तिच्या मांडीवर, फोडलेली.

तिचा हात घेतला.
सवयीनं दाबला, अंगठा आत, करंगळीकडून मिटवत.
लोणी.
शब्द जिभेवर आला, मी गिळला.
पर्समधून चेंडू काढून तिच्या तळव्यात ठेवला.
दाब. हळू. बोटं मागं न्यायची नाहीत.
तिनं तीन वेळा दाबला, मग भिंतीवर आपटून झेलला.

रात्री कागद सापडला तिला.
'आई, हे नऊपैकी आठ कशाचे?
मला किती मिळतील?'
दोन तर पायरीवरच दिसले होते.
बाकीचे सात
मी मोजले नाहीत.